प्रश्न पाहून प्राणी

मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द फडताळामागे लुडबुडणाऱ्या चिमुकल्या प्राण्यालाही चालतो आणि धान्याच्या कोठारात शिरणाऱ्या त्याच्या थोराड भावंडालाही. फार तर आणखी दांडग्या प्राण्याला घूस म्हणून वेगळे काढले जाते, आणि ती प्राणिशास्त्राच्या हिशेबाने तिसरीच जात ठरते. औषधसंशोधनाच्या प्रयोगशाळेत हा सैलपणा परवडत नाही. तेथे 25 ते 30 ग्रॅम वजनाचा ‘माऊस’ आणि त्याच्या दहापट वजनाचा ‘रॅट’ हे दोन स्वतंत्र प्राणी असतात, आणि मराठीने दोघांसाठी दोन नावे पुरवली नसल्यामुळे या प्रकरणातही हेच शब्द वापरले आहेत. फरक केवळ वजनाचा नाही. माऊसला पित्ताशय असते, रॅटला ते नसतेच. त्यामुळे पित्ताशयातील खड्यांवरचे औषध रॅटमध्ये तपासू गेल्यास खडा साठायला जागाच सापडत नाही. दोघांनाही ओकारी येत नाही, म्हणून कर्करोगावरील औषधांनी होणारी वांती थांबवणाऱ्या गोळीचा विचार करताना संशोधकाला फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या मांसाहारी प्राण्याकडे वळावे लागते. कोणता प्राणी घ्यावा याचे उत्तर असे प्रत्येक वेळी विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते, आणि हा प्रश्न नेमका मांडता आला नाही तर पुढचे सर्व काटेकोर मोजमाप वाया जाते.

ज्या प्राण्यात मानवी रोगाची किंवा शरीरक्रियेची एखादी बाजू आपोआप आढळते किंवा मुद्दाम घडवून आणता येते, त्या प्राण्याला त्या रोगाचे ‘प्राणी-प्रतिमान’ म्हणतात. प्रयोगशाळेच्या बोलीत त्यालाच ‘ॲनिमल मॉडेल’ असे नाव आहे. प्रतिमान किती विश्वासाचे आहे हे ठरवण्यासाठी पॉल विल्नर या मानसशास्त्रज्ञाने 1984 मध्ये नैराश्याच्या प्रतिमानांचा विचार करताना तीन कसोट्या पुढे ठेवल्या, आणि त्या पुढे इतर रोगांसाठीही रूढ झाल्या. पहिली कसोटी दर्शनी साम्याची, म्हणजे प्राण्यात दिसणारी लक्षणे माणसातील लक्षणांसारखी आहेत काय. दुसरी कारणसाम्याची, म्हणजे लक्षणे ज्या बिघाडातून उद्भवतात तो बिघाडही तोच आहे काय. आणि तिसरी भाकिताची, म्हणजे माणसाला गुण देणारे औषध त्या प्राण्यालाही गुण देते काय आणि न देणारे तेथेही निरुपयोगी ठरते काय. तिन्ही कसोट्यांना पुरेपूर उतरणारे प्रतिमान क्वचितच मिळते. दर्शनी साम्य सर्वांत लवकर पटते आणि सर्वांत जास्त फसवते, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू केलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची ओळख महाराष्ट्रात अनेक घरांना आहे. पण ज्या औषधासाठी हा कारखाना उभा राहिला त्याचा जन्म प्राण्याच्या निवडीवर किती अवलंबून होता, हे तितके परिचित नाही. ऑक्सफर्ड येथे 25 मे 1940 रोजी हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने आठ माऊसांना जीवघेण्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचे इंजेक्शन दिले आणि त्यांपैकी चारांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न मिळालेले चारही मेलेले आढळले आणि औषध मिळालेले जिवंत होते. त्या काळी जंतुशास्त्रज्ञांचा हक्काचा प्राणी गिनिपिग होता, कारण क्षयाच्या जंतूंना तो सहज बळी पडतो. फ्लोरींनी माऊसऐवजी गिनिपिग निवडला असता तर उपचार मिळालेले प्राणीही दगावण्याचा मोठा संभव होता, कारण पेनिसिलिन गिनिपिगच्या आतड्यातील नेहमीच्या जंतूंचा नाश करते, रिकाम्या झालेल्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने प्राणी मरतो. औषधाचा गिनिपिगच्या पेशींशी काही वैरभाव नव्हता. बिघाड त्याच्या आतड्यात वसलेल्या जंतुवस्तीत होता. हा दोष 1943 मध्ये उजेडात आला तेव्हा पेनिसिलिन माणसाच्या वापरात आलेले होते. येथे ज्ञानाइतकाच नशिबाचाही वाटा होता, हे मान्य केलेले बरे.

शिरेतून द्यावयाच्या औषधाची शुद्धता तपासताना मात्र दीर्घकाळ ससा हाच प्रमाण प्राणी राहिला. मेलेल्या जंतूंच्या आवरणातील काही अंश औषधात उरले तर रुग्णाला हुडहुडी भरून ताप येतो. अशा ज्वरकारक अंशांना ससा माणसाच्या जवळपास तितकाच संवेदनशील असल्यामुळे, त्याच्या कानाच्या शिरेत औषध टोचून तीन तास शरीराचे तापमान मोजण्याची चाचणी औषधकोशांनी सांगितली. या चाचणीत ससा कोणत्याही रोगाचे प्रतिमान नसतो, तो जिवंत तापमापक असतो. म्हणूनच त्याची जागा घेणे तुलनेने सोपे गेले: नालखेकड्याच्या रक्तातील पेशींचा अर्क जंतूंच्या या अंशांशी गाठला की गोठतो हे कळल्यावर बरेचसे काम परीक्षानळीत होऊ लागले.

पुण्यात औषधनिर्मिती आणि प्राणी यांचा विचार निघाला की घोड्यांची आठवण अपरिहार्यपणे होते, पण ती येथे जपून करावी लागते. सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट स्थापन करण्यापूर्वी त्यांच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला रक्तद्रवासाठी दिले जात असत. धनुर्वाताचे किंवा सर्पाचे विष अल्प मात्रेत वारंवार टोचून घोड्याच्या रक्तात प्रतिविष तयार करवले जाते, तेव्हा घोडा उत्पादक असतो. त्याच्यावरून माणसाविषयी कोणतेही अनुमान काढलेले नसते. मात्र तयार झालेले नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरील प्रतिविष किती जोरकस आहे हे ठरवण्यासाठी विष आणि प्रतिविष यांचे मिश्रण माऊसांना टोचून किती जगतात हे मोजतात, आणि त्या क्षणी माऊस माणसाच्या जागी उभा राहतो. एकाच बाटलीच्या मागे दोन प्राणी दोन निराळ्या नात्यांनी उभे असतात.

प्रतिमानाची निवड किती गुंतागुंतीची असू शकते याचे पुण्यातील सर्वांत बोलके उदाहरण मधुमेहाचे आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा देहभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा म्हणजे 22.3 होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के भरले. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय देहयष्टी जन्मापासूनच असते, हे पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चालू असलेल्या माता-पोषण अभ्यासातून पुढे आले: तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच हलकी होती, पण त्यांच्या अंगावरील चरबी स्नायूंच्या मानाने फारशी घटलेली नव्हती. अशा शरीरात मधुमेह लवकर आणि कमी वजनावर होतो.

आता अशा मधुमेहासाठी प्राणी कोठून आणायचा? प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरला जाणारा सोपा मार्ग म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन. ते ग्लुकोजसारखे दिसत असल्यामुळे स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी ते आत घेतात आणि त्यानेच मरतात; काही दिवसांत रॅटची रक्तशर्करा भरमसाट वाढते. दर्शनी साम्य उत्तम आहे, कारण तहान, अतिमूत्रता, वजनातील घट ही सगळी लक्षणे दिसतात. कारणसाम्य मात्र लंगडे आहे, कारण भारतातील बहुसंख्य मधुमेहींच्या बीटा पेशी अशा एका झटक्यात मेलेल्या नसतात. त्यांचे शरीर इन्शुलिनला दाद देत नाही आणि पेशी हळूहळू थकतात. परिणामी, इन्शुलिनची परिणामकारकता वाढवणारे औषध अशा रॅटमध्ये फारसे काही करून दाखवू शकत नाही, कारण वाढवायला इन्शुलिनच शिल्लक नसते. एखाद्या वनस्पतीच्या अर्काने ‘उंदरांमधील मधुमेह बरा झाला’ अशी बातमी वाचताना तो मधुमेह कोणत्या उपायाने घडवला होता, हे पाहण्याची सवय वाचकाने लावून घेण्यासारखी आहे. हा उणेपणा भरून काढण्यासाठी आधी चरबीयुक्त खाद्य देऊन मग स्ट्रेप्टोझोटोसिनची लहान मात्रा देण्याची पद्धत रूढ झाली, आणि ती पुष्कळ बरी आहे. पण ती लठ्ठ माणसाच्या मधुमेहाला जवळची आहे, पुण्याजवळच्या खेड्यातील सडपातळ माणसाच्या नव्हे.

पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात काम केलेले आणि नंतर सिडनीला गेलेले आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 2015 मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. सिडनी विद्यापीठ, पेशी विज्ञान केंद्र आणि पुण्याचे डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय यांचा सहभाग असलेल्या या बारा वर्षांच्या कामात विस्टार वाणाच्या रॅटना तब्बल 50 पिढ्या अपुऱ्या आहारावर ठेवले गेले. या कुळातील रॅट जन्मतः हलके होते, त्यांच्या पोटातील अवयवांभोवती चरबी अधिक होती, शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नव्हते, आणि रक्तात ब12 जीवनसत्त्व व फोलेट कमी होते. त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन दिल्यावर मधुमेह होण्याची प्रवृत्ती नेहमीच्या रॅटच्या आठपट भरली. सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे होती: दोन पिढ्या भरपूर खायला देऊनही हा दोष पुसला गेला नाही, कारण इन्शुलिनच्या जनुकाजवळील रासायनिक खुणा, म्हणजे जनुक न बदलता त्याचे काम मंद किंवा जलद करणारे बदल, तसेच टिकून राहिले.

येथे रसायन रोग ‘घडवण्यासाठी’ वापरले नाही, तर शरीर किती कच्चे आहे हे ‘जोखण्यासाठी’ वापरले, आणि हा सूक्ष्म फरक प्रतिमान कल्पकतेने कसे वापरावे याचा उत्तम नमुना आहे. रॅटची निवडही सयुक्तिक होती, कारण त्याची एक पिढी सुमारे तीन महिन्यांत उलटते. 50 मानवी पिढ्यांना हजार वर्षांहून अधिक काळ लागला असता. तरीही या प्रतिमानाची मर्यादा नोंदवली पाहिजे. महाराष्ट्राने दुर्गादेवीच्या दुष्काळापासून 1876-78 च्या दुष्काळापर्यंत अनेक आपत्ती सोसल्या, पण मधल्या काळात सुगीही झाली, स्थलांतरेही झाली, आणि लग्नसंबंधांनी कुळे मिसळत राहिली. पिंजऱ्यातील अखंड अर्धपोटी राहिलेले एकच कूळ हे या इतिहासाचे चित्र नसून त्याचा घोटून काढलेला काढा आहे. काढ्यावरून गुण कळतो, रोजच्या जेवणातील प्रमाण कळत नाही.

विषाणूंच्या बाबतीत योग्य प्राण्याचा हा शोध आणखी घाईचा असतो. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था 1952 मध्ये ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ या नावाने रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने सुरू झाली आणि 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील जंगलात माकडे मरू लागली तेव्हा तिच्या संशोधकांनी क्यासनूर जंगलातील तापाचा, म्हणजे आता सिंधुदुर्गातही माहीत झालेल्या माकडतापाचा विषाणू वेगळा केला. त्या काळी अशा कामाचे मुख्य साधन म्हणजे दूधपिती माऊसपिल्ले असत, कारण त्यांची प्रतिकारशक्ती अजून घडलेली नसल्यामुळे अनोळखी विषाणूही त्यांच्यात सहज वाढतो. विषाणू शोधण्यासाठी उत्तम असलेले हेच पिल्लू लस तपासण्यासाठी कुचकामी ठरते, कारण लसीला प्रतिसाद द्यायला जी प्रतिकारशक्ती लागते तीच त्याच्यापाशी नसते.

कोव्हिडच्या विषाणूने ही अडचण उलट बाजूने आणली. तो पेशीत शिरण्यासाठी एसीई-2 नावाच्या प्रथिनाला चिकटतो, आणि माऊसमधील हे प्रथिन मानवी प्रथिनापेक्षा इतके वेगळे आहे की मूळ विषाणू त्याला नीट धरू शकत नव्हता. प्रयोगशाळांतील सर्वांत मुबलक प्राणी त्यामुळे एका फटक्यात बाद झाला. मानवी प्रथिन बसवलेले माऊस 2007 मध्येच आधीच्या सार्स साथीच्या निमित्ताने तयार केलेले होते, पण अशा प्राण्यांची पैदास मागणीबरहुकूम होत नाही. सीरियन हॅमस्टरमध्ये मात्र विषाणू कोणत्याही कलाकुसरीशिवाय वाढतो, प्राण्याचे वजन घटते आणि फुप्फुसात न्यूमोनिया दिसतो. भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिन लसीचा पुण्यातील अभ्यास म्हणूनच हॅमस्टर आणि ऱ्हीसस माकड अशा दोन प्राण्यांत झाला. हॅमस्टरमध्ये आजार ठळक दिसतो, पण त्याची प्रतिकारशक्ती तपासण्याची साधने अपुरी आहेत; माकडात आजार सौम्य राहतो, पण प्रतिकारशक्ती माणसाच्या अधिक जवळची असते. दोन अपूर्ण आरसे कोनात ठेवून वस्तूची बाजू पाहावी, तसा हा प्रकार होता.

माकडे मिळवणे हीच मोठी मोहीम ठरली. भारताने 1978 मध्ये ऱ्हीससची निर्यात बंद केली होती, आणि हा देश माकडांचे माहेरघर समजला जातो; पण प्रयोगशाळेत वाढवलेली निरोगी माकडे ही निराळी गोष्ट आहे. सिंहगडावर किंवा महाबळेश्वरी दिसणारे माकड ऱ्हीसस नसते, ती ‘बॉनेट’ नावाची दक्षिणी जात आहे, ऱ्हीसस उत्तरेकडचा. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारे खाणे थांबल्यामुळे कळप जंगलात आत सरकले होते, आणि अखेर वनविभागाच्या मदतीने नागपूर परिसरातून 20 माकडे मिळाली. पाषाण येथील सर्वोच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेत त्यांचे पाच-पाचांचे चार गट केले गेले. एका गटाला निष्क्रिय द्रव आणि तीन गटांना लसीचे तीन प्रकार दोन आठवड्यांच्या अंतराने दिले, आणि त्यानंतर आणखी दोन आठवड्यांनी सर्वांना प्रत्यक्ष विषाणू दिला. लस मिळालेल्या माकडांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया आढळला नाही, न मिळालेल्यांत आढळला. या अभ्यासाने लस माणसाला किती टक्के वाचवील हे सांगितले नाही आणि सांगण्याचा दावाही केला नाही. लस दिल्यामुळे आजार उलट बळावत तर नाही ना, या साथीच्या आरंभी सर्वांना छळणाऱ्या शंकेला मात्र त्याने उत्तर दिले.

प्राणी निवडल्यानंतर प्रयोगाची शिस्त सुरू होते. कोणता प्राणी कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवावे लागते, कारण पिंजऱ्यात हात घातल्यावर आधी हाती लागणारा प्राणी बहुधा सुस्त असतो. मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा. आणि संख्या इतकी असावी की खरा फरक दिसेल, पण एकही प्राणी विनाकारण खर्ची पडणार नाही. सख्ख्या भावंडांची वीस पिढ्या जोडणी करून तयार केलेले बाल्ब-सी सारखे वाण जवळजवळ एकसारखे असतात, त्यामुळे मोजमाप नेटके येते. पण नेटकेपणाची किंमत म्हणून निष्कर्ष एकाच ‘व्यक्ती’विषयीचा उरतो. आवाजाचाही परिणाम होतो: माऊस आणि रॅट माणसाला ऐकू न येणारे उच्च स्वर ऐकतात आणि गोंगाटाने त्यांची तणावसंप्रेरके वाढतात, त्यामुळे ढोल-ताशांच्या दिवसांत शहरातील प्राणिगृहाने रक्तशर्करेचे मोजमाप करताना भिंतींची जाडी लक्षात घेतलेली बरी.

मात्रेचा हिशेबही सरळ वजनावर होत नाही, कारण लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो आणि तो औषध लवकर संपवतो. म्हणून शरीराच्या पृष्ठभागाच्या आधाराने रॅटची दर किलोग्रॅम मात्रा 6.2 ने, तर माऊसची 12.3 ने भागतात. रॅटला दर किलोग्रॅममागे 50 मिलिग्रॅम मानवले, तर 60 किलोग्रॅमच्या माणसासाठी समतुल्य मात्रा 3,000 नव्हे, सुमारे 480 मिलिग्रॅम येते, आणि पहिल्या स्वयंसेवकाला देताना तिचाही साधारणतः दहावा भाग घेतात. हे सर्व गणित सांभाळूनही मार्च 2006 मध्ये लंडनमध्ये टीजीएन-1412 या प्रतिपिंडाची माकडातील निर्धोक मात्रेच्या 500 व्या भागाइतकी मात्रा मिळालेले सहा स्वयंसेवक अत्यवस्थ झाले. ज्या पेशींवर हे औषध माणसात तुटून पडले, त्या जातीच्या पेशींवर माकडात ते पकडण्याचे ठिकाणच नव्हते. मात्रा कितीही कमी केली असती तरी प्रश्न चुकीच्या प्राण्याला विचारलेला होता.

भारतात असे प्रयोग 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि 1998 च्या नियमांखाली येतात. प्रत्येक संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीत बाहेरचा शास्त्रज्ञ आणि शास्त्रज्ञ नसलेला सदस्यही बसतो, आणि माकडासारख्या मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची परवानगी लागते. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेली पर्याय, कपात आणि सुधारणा ही त्रिसूत्री या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. नव्या औषधांच्या नियमांत 2023 मध्ये केलेल्या दुरुस्तीने पेशींवरील आणि संगणकीय चाचण्यांनाही जागा दिली.

प्राण्याकडून माणसाकडे हाच क्रम का असावा, असाही प्रश्न पुण्यात विचारला गेला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांनी पुरस्कारलेल्या ‘उलट औषधशास्त्रा’त परंपरेने माणसाने दीर्घकाळ घेतलेल्या औषधापासून आरंभ होतो आणि प्राणी नंतर येतो, ‘गुण येतो काय’ हे विचारण्यासाठी नव्हे, तर ‘कसा येतो’ हे विचारण्यासाठी. त्याचे जुने उदाहरण सर्पगंधेचे आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, आणि 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे झाले. ते प्राण्यांना दिल्यावर मेंदूतील संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिकामा होतो असे दिसून आले. आणि 1957 मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा टोचला, तेव्हा ते थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. रक्तदाबाचे औषध असे कंपवाताचे प्रतिमान घडवून गेले, आणि त्या प्रतिमानाने कंपवातावरचे आजही वापरात असलेले औषध दाखवून दिले. एल-डोपा हे द्रव्य 1937 मध्येच मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी एका वेलीच्या बियांतून काढलेले होते. ती वेल म्हणजे पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या पायवाटांवर जिच्या शेंगांची कुसे लागून वाटसरू हैराण होतात ती खाजकुयली.